'मॅजेस्टिक १२'चे कागद दस्त म्हणून तपासले तर

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही-मूलकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: १९४७ साली अमेरिकेत रॉसवेलजवळ उडती तबकडी कोसळली, परग्रहवासीयांचे मृतदेह सापडले. हे गुपित सांभाळायला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 'मॅजेस्टिक १२' नावाची बारा जणांची समिती नेमली. तिचे सरकारी कागद आता बाहेर आलेत, आणि आपल्या लाडबोरीत २०२२ साली आभाळातून जे धातूचं कडं पडलं तेही त्यातलंच. सोबत कागदांचे फोटो जोडलेत.

तबकड्या असतात की नसतात, या वादात मी पडत नाही. तहसीलीसमोर बसून दस्त लिहिणं हा माझा धंदा. त्यामुळे कागद पाहिला की आधी तो आला कुठून ते विचारायची सवय लागलीय. तेव्हा गटांवरचे दावे एकेक करून घेऊ.

"वर टॉप सिक्रेटचा शिक्का आहे." शिक्के बनवून मिळतात. पुढचा मुद्दा.

"हे मूळ सरकारी दस्तऐवज आहेत." मूळ आहेत कुठे? १९८४च्या डिसेंबरात जेमी शँडेरा नावाच्या एका निर्मात्याच्या घरी टपालानं एक पाकीट आलं. आत ३५ मिलिमीटरची न धुतलेली फिल्म होती, पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. ती धुतल्यावर कागदांची छायाचित्रं निघाली. १९८७ साली ती जगजाहीर झाली. ज्या कागदांचे ते फोटो, ते मूळ कागद आजवर कोणी दाखवलेले नाहीत. म्हणजे शाई, कागदाचं वय, टंकाचा दाब यातलं काहीच तपासायची सोय नाही. खरेदीखताची नुसती झेरॉक्स घेऊन फेरफार करायला जा, टेबलावरचा माणूस बसासुद्धा म्हणणार नाही.

"खुद्द ट्रुमनची सही आहे." इथंच खरी गंमत आहे. समिती नेमल्याचं ते पत्र २४ सप्टेंबर १९४७चं. फिलिप क्लास या पत्रकारानं ट्रुमन यांची त्या काळातली अस्सल पत्रं चाळली. १ ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांनी व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रावरची सही आणि ही सही, रेघ न् रेघ जुळली. पेन जिथं चुकून घसरलं तो फराटासुद्धा तोच. आकारात किंचित फरक, तो झेरॉक्सवर झेरॉक्स काढताना पडतोच. लोकांना वाटतं सही जुळली म्हणजे कागद खरा. पण एकच माणूस एकापाठोपाठ दहा सह्या करू दे, दोन सह्या तंतोतंत एकावर एक बसत नाहीत. बसल्या, तर त्यातली एक उचलून चिकटवलेली असते. सही न जुळण्यापेक्षा ती इतकी जुळणं जास्त वाईट.

"पण एक कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातच सापडला, तो तर सरकारी कपाटातला ना!" सापडला, १९८५ साली. सापडला कोणाला? त्याच शँडेराला आणि त्याचा जोडीदार विल्यम मूर याला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे सहायक रॉबर्ट कटलर यांनी हवाई दलप्रमुख ट्वायनिंग यांना पाठवलेली ही टिपणी. 'मॅजेस्टिक १२'संबंधीची बैठक १६ जुलैला होईल असं सांगणारी. तारीख १४ जुलै १९५४. सही नाही. अभिलेखागारानं स्वतःच ती तपासली. त्या संग्रहातल्या प्रत्येक अतिगोपनीय कागदावर नोंदवहीचा क्रमांक असतो, आपल्याकडच्या जावक क्रमांकासारखा. यावर तो नाही. गोपनीयतेचा जो शेरा टंकलेला आहे तो शब्दप्रयोग राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात रूढ झाला, म्हणजे दीड दशकानंतर. १६ जुलैच्या अशा बैठकीची नोंद नाही. आणि कटलरसाहेब ३ जुलैला युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले ते १५ जुलैला परतले! १४ तारखेला ते वॉशिंग्टनात नव्हतेच. कपाटातून कागद चोरून नेता येतो, तसा कपाटात ठेवूनही देता येतो.

"एफबीआयनं खोटं ठरवलं, म्हणजे दडपायचंच असणार." दडपायचं असतं तर फाईल वेबसाइटवर ठेवली नसती. १९८८ साली कागद एफबीआयकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेकडे गेले. गोपनीय माहिती फुटली असेल तर तो गुन्हा, म्हणून त्यांनी हवाई दलाच्या तपास विभागाला विचारलं. उत्तर आलं, हे बनावट आहेत. एफबीआयच्या प्रतीवर आडव्या जाड अक्षरांत तसं खरडलेलंच आहे. दर उत्तराला 'हे तर दडपणं' म्हणणाऱ्याला मात्र कुठलाच पुरावा चालणार नाही.

"मंग एफबीआयच्या साइटवर तीन तबकड्या अन् नऊ मृतदेहांचा कागद काहून आहे?" हा सवाल चांगला आहे, कारण तो कागद अस्सल आहे. २२ मार्च १९५०, गाय हॉटेल नावाच्या एफबीआय अधिकाऱ्याचा अहवाल. पण वाचा तरी. अमुकानं तमुकाला सांगितलं, ते माझ्या कानावर आलं, एवढंच त्यात आहे. हॉटेलनं स्वतः काही पाहिलेलं नाही, आणि एफबीआयनं त्याचा पुढे तपासही केला नाही. दस्त खरा असला म्हणून त्यातली हकीकत खरी ठरत नाही. हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

राहिलं लाडबोरी. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. विदर्भभर लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या, लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, तालुक्यात धातूचे गोळेही सापडले. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा वरचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणार होता, हे उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी लगेच दाखवून दिलं. ते गोळे म्हणजे रॉकेटमधल्या दाबाच्या टाक्या. हे रॉकेट पहिल्यांदा उडालं १९९६ साली. 'मॅजेस्टिक'चे कागद त्याच्या नऊ वर्षं आधीच छापून आले होते.