वय अधिक शंभर: रक्तदाबावरच्या एका संदेशाला उत्तर

बीपीच्या गोळ्यांविषयीचा एक संदेश नातेवाइकांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सतत पुढे पाठवला जातो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: वरचा आकडा वय अधिक शंभर इतका असला तरी तो नॉर्मलच, गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, म्हणून ती सुरूच करू नये आणि सुरू असल्यास आकडा खाली येताच थांबवावी, या गोळ्यांनी किडनी खराब होते, त्यापेक्षा रोज सकाळी दुधीचा रस घ्यावा. माझ्या आत्याने हे वाचून गोळी बंद केली होती, म्हणून हे उत्तर.

वाढत्या वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढत जातो, हे निरीक्षण खरे आहे. चूक आहे ती सर्रास आढळणारी गोष्ट निरुपद्रवी मानण्यात. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या, केवळ वरचा आकडा वाढलेल्या ४,७३६ लोकांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, क्लोरथॅलिडोन या स्वस्त गोळीपासून उपचार सुरू केलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. ‘ऐंशीनंतर कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर २००८ साली मिळाले. ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाच्या ३,८४५ रुग्णांची ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होत असल्याचे स्पष्ट दिसू लागले होते. त्या रुग्णांचे सरासरी वय ८३ च्या पुढे होते आणि सुरुवातीचा सरासरी रक्तदाब १७३/९१ होता. संदेशाच्या हिशेबाने ही माणसे नॉर्मल ठरली असती आणि त्यांना उपचारच मिळाले नसते.

गोळी सुटत नाही, हे व्यसन नव्हे. आजार टिकून असतो म्हणून गोळी चालू ठेवावी लागते. आत्याचा आकडा १२८ आला तो गोळीमुळे, पण तिला वाटले की आजार गेला. अठराव्या दिवशी मी तिच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा यंत्रावर १७६ उमटले. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, ती शांतपणे भाजी निवडत बसली होती. काहीच त्रास होत नाही, हीच या आजाराची सर्वांत घातक बाजू आहे. अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिनसारखी औषधे एकाएकी थांबवली तर रक्तदाब उसळी घेऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. वजन उतरले, लोणचे-पापड आणि फरसाण कमी करून दिवसभरातले मीठ पाच ग्रॅमच्या आत आणले, तर काहींची मात्रा खरोखर कमी होते. पण ती डॉक्टरांनी, नोंदी पाहून, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते.

किडनीच्या बाबतीत संदेशाने कार्यकारणभाव उलटा केला आहे. किडनी निकामी होण्याच्या प्रमुख कारणांमध्ये अनियंत्रित रक्तदाब मोडतो, आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे मधुमेहींच्या किडनीचे संरक्षण करण्यासाठीही दिली जातात. अशी गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (किडनीचे काम कसे चालले आहे ते सांगणारा घटक) आणि पोटॅशियम तपासून घ्यावे लागते, एवढे खरे. किडनीची काळजी असेल तर गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांकडे आधी पाहावे.

दुधीची भाजी जरूर खावी. मात्र कडू दुधीच्या रसातील कुकुरबिटासिन या विषारी घटकामुळे रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावलेली आहेत, म्हणून रस कडू लागताच तो फेकून द्यावा. वनस्पतींना माझा विरोध नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ साली रुग्णांवर तपासून जगापुढे मांडला, आणि पुढे त्याच मुळीतून मिळालेल्या रेसर्पिनचे मनावर होणारे दुष्परिणामही नोंदींमधूनच उघड झाले. दुधीच्या रसाने रक्तदाब आटोक्यात राहतो असा भरवशाचा पुरावा मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही.

वृद्धांच्या बाबतीत एक भीती रास्त आहे: उठून उभे राहताना रक्तदाब एकदम घसरून ते पडू शकतात. त्यासाठी पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर एकदा आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. आत्या आता हे तिन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते आणि तपासणीला जाताना ते पान सोबत नेते.