यानाला शिटी कुठंय?

बेचाळिशीत माणसाने गुडघे सांभाळावेत, अंतराळयानं बांधायला घेऊ नयेत. पण जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवरची ती अजस्र यानं लहानपणापासून डोक्यात बसलेली, आणि ब्लेंडर नावाचं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट का, तर २००२ साली ते बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा त्याच्या जनकाने, टोन रोझेंडाल या डच माणसाने, चक्क वर्गणी काढली. १ लाख युरो जमले की कोड सगळ्यांना खुला. सात आठवड्यांत जमले! आमच्या सोसायटीत गेल्या गणपतीची वर्गणी अजून येते आहे.

ब्लेंडर उघडलं की समोर एक करडा ठोकळा असतो. नवशिक्याने आधी डोनट करायचा, असा या पंथातला रिवाज आहे. माझा मेदूवडा झाला. पुढे काय होणार, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पहिलं यान तयार झालं त्या संध्याकाळी आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. दोन मिनिटं बघून म्हणाली, "कुकर छान जमलाय. शिटी कुठंय?"

"आई, हे यान आहे. आणि अवकाशात हवा नसते, शिटी ऐकूच येणार नाही."

"मग शिजलं कसं कळायचं?"

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

दुसरं यान दोन किलोमीटर लांबीचं योजलं होतं. बायकोला ते एसटीचा लाल डबा वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. चूक खिडक्यांची होती. अवकाशात शेजारी झाड नसतं, माणूस नसतो. यान केवढं आहे हे सांगायला खिडकीशिवाय कुणी नाही. मोठ्या दहा खिडक्या लावल्या की बस. मोहरीएवढ्या शेकडो लावल्या की अंगावर येणारं जहाज. त्या मोहऱ्या मी रात्री दोनपर्यंत पेरत होतो.

तरी कवच गुळगुळीतच दिसत होतं! इथे मोठ्यांचा आदर्श घेतला. 'स्टार वॉर्स'च्या (१९७७) कारागिरांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या प्लॅस्टिक संचांमधले बारीक तुकडे यानांवर चिकटवले होते. उपयोग काही नाही, पण डोळ्याला यंत्र खरं वाटतं. अशा चिकटवाचिकटवीला ग्रीबल म्हणतात. माझ्याकडे रणगाडे नव्हते, स्वयंपाकघर होतं. गॅसचा बर्नर झाला डॉकिंगची, म्हणजे दुसरं यान येऊन जोडायची, जागा. किसणी झाली रेडिएटर. निर्वात पोकळीत उष्णता फक्त प्रारणानेच बाहेर टाकता येते, त्यामुळे यानाला अशा पट्ट्या खरंच लागतात. आणि चकलीच्या सोऱ्याची चांदणीची चकती झाली मुख्य इंजिन. नमुना म्हणून या वस्तू दोन दिवस माझ्या टेबलावर होत्या. घरात दोन दिवस गाजर किसलं गेलं नाही.

मग चाचणी म्हणून दहा सेकंदांचं उड्डाण रेंडरला लावलं, म्हणजे संगणकाने एकेक चित्र पक्कं करून काढायचं. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे २४०. एकेकाला चार मिनिटं. सोळा तास! मे महिना. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता की शेवटी कुकरचा आवाज आलाच. खालून हवा खेळावी म्हणून मी तो पोळपाटावर ठेवला. "पोळ्या कशावर लाटू?" असं बायकोने विचारलं तेव्हा १३७ वं चित्र चालू होतं. मी गप्प बसलो. १४१ व्याला वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी किती म्हातारी झाली आहे ते कळलं.

पण खरा छळ केला चकतीने. तिच्यात चांदणीचं भोक पाडायचं होतं. बुलियन नावाची सोय आहे: एक आकार दुसऱ्यातून वजा करायचा. मी वजा केला. भोक पडण्याऐवजी चकतीच गेली, चांदणी उरली. परत केलं, तर दोन्ही गेलं. अकरा वेळा कंट्रोल-झेड. ओळीने चार व्हिडिओ बघितले. चौघांचंही भोक पहिल्या झटक्यात पडलं.

आई चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "चकती उलटी बसवली असशील. माझंही पहिल्या घाण्याला असंच होतं."

"आई, इथे उलटं-सुलटं नसतं, हे गणित आहे."

ती गेली नाही. तिच्यादेखत मी पृष्ठांची दिशा दाखवणारी खूण चालू केली. यात सुलटी बाजू निळी दिसते, उलटी लाल. सगळं यान निळंशार. चकती लालभडक.

"पीठ सैल असलं तरी तुटते हं," असं म्हणून तिने किसणी उचलली आणि गेली.