‘ऑर्डर ऑफ मेरिट’मुळे राधाकृष्णन ‘सर’ झाले नाहीत

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: डॉ. राधाकृष्णन यांनी १९६३ साली, राष्ट्रपतिपदावर असताना, ब्रिटनच्या राणीकडून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ घेतली, त्यामुळे ते ‘सर’ झाले आणि संविधानाचं कलम १८ मोडलं गेलं. शिवाय पदकावर तलवारी असतात, म्हणजे तो साम्राज्याच्या चाकरीचा बिल्ला. यात सन्मान आणि साल खरं आहे. बाकीचं चूक आहे.

आधी ‘सर’. एडवर्ड सातव्याने १९०२ मध्ये सुरू केलेल्या या सन्मानाबरोबर कोणताही किताब येत नाही. चर्चिलना तो १९४६ मध्ये मिळाला, तरी १९५३ मध्ये ‘सर’ हा किताब देणारा ‘गार्टर’ सन्मान मिळेपर्यंत ते ‘मिस्टर चर्चिल’च होते. राधाकृष्णन ‘सर’ झाले ते १९३१ मध्ये, पारतंत्र्यात आणि वेगळ्या सन्मानाने; स्वातंत्र्यानंतर त्यांनी ते बिरुद वापरणं सोडलं. दोन गोष्टींमध्ये ३२ वर्षांचं अंतर आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने त्या सरळ एकत्र करून टाकल्या.

आता पदक. लाल मिन्याचा क्रूस, त्याला निळी किनार, वर मुकुट, मधोमध लॉरेलच्या पानांच्या वेढ्यात ‘फॉर मेरिट’ ही सोनेरी अक्षरं. फीत अर्धी निळी, अर्धी किरमिजी. आडव्या-तिरप्या तलवारी फक्त सैनिकी सदस्यांच्या पदकावर असतात. तत्त्वज्ञाला तलवारी मिळतीलच कशा? हा घोळ ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’मुळेही झाला असावा. ते १८३७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी सैनिकांसाठी सुरू केलेलं शौर्यपदक. सारागढीच्या लढाईतल्या २१ शिखांना मिळालं तेच. त्याच्यावर मात्र तलवारी होत्या. साम्राज्याचं नाव मिरवणारी ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ तिसरीच, १९१७ ची.

कलम १८ चा आरोप सगळ्यात गंभीर. ते कलम परकीय राज्याकडून ‘किताब’ घ्यायला मनाई करतं. भारतरत्न आणि पद्म सन्मानांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सन्मान म्हणजे किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असं सांगितलं. तो निकाल ‘ऑर्डर ऑफ मेरिट’बद्दल नाही, हे मान्य, पण सन्मान आणि किताब यांतला फरक त्यात स्पष्ट आहे. ‘ऑर्डर ऑफ मेरिट’चे एका वेळी फार तर २४ सदस्य असतात; राधाकृष्णन त्या मर्यादेबाहेरचे, मानद सदस्य होते. १९९५ मध्ये नेल्सन मंडेलांनाही हेच मानद सदस्यत्व मिळालं, तेही राष्ट्राध्यक्ष असताना. राष्ट्रपतींनी परक्या राणीचा सन्मान घ्यावा का, यावर जरूर वाद घाला. पण त्यासाठी त्यांच्यावर न घेतलेला किताब लादू नका.