दादाला फक्त गोष्ट सांगायला बोलावू नका

आत्ताच घरी आलेय आणि डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. आज पुण्यातच व्यसन आणि मानसिक आरोग्यावरच्या एका चर्चासत्राला दादाबरोबर गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. दादाला अनुभवकथनासाठी दहा मिनिटं दिली होती. तो बोलला, लोकांनी डोळे पुसले, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला. मग त्याची खुर्ची उचलली आणि तज्ज्ञ मंडळी मंचावर बसली. पुढचा अभ्यास कशावर करायचा, त्यात काय विचारायचं, यावर तासभर बोलणं झालं. दारू सोडलेला माणूस त्यांच्यात एकही नव्हता. दादा माझ्या शेजारी शाल मांडीवर घेऊन ऐकत होता.

मला सारखी ती क्वार्टर आठवत होती.

दादा पीत होता तेव्हाची गोष्ट. कुठल्याशा अभ्यासासाठी एक मुलगी फॉर्म घेऊन घरी आली होती. "एका वेळी किती ड्रिंक घेता?" दादा म्हणाला, "एक क्वार्टर." तिने लिहिलं, १. मी तिथेच बसले होते. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ३० मिलीचे सहा पेग! जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, तिच्यातला तिसरा प्रश्नच असा आहे की एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात. दादा रोज तिथे पोचत होता आणि कागदावर मात्र एक ड्रिंकवाला सज्जन गृहस्थ झाला. त्या 'एका'नंतर आमच्या घरात काय चालायचं ते आईला विचारा.

त्या मुलीवर माझा राग नाही. शिकत असेल बिचारी, उन्हातून आली होती, आईने दिलेलं सरबत पिताना दोनदा थँक्यू म्हणाली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. राग आहे तो फॉर्म तयार करणाऱ्यांवर. छापायच्या आधी तो कुठल्याही एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगमध्ये फिरवला असता तर पहिल्या रांगेतल्या माणसाने ही चूक दाखवली असती. तीही चहा संपायच्या आत.

आणि हे पुण्यात व्हावं? १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनाच समुपदेशक केलं. नुकत्याच दाखल झालेल्याची थाप कोण ओळखणार? ज्याने तीच थाप मारलेली असते तो. एए तर १९३५ साली अमेरिकेत सुरू केलं तेच दोन पिणाऱ्यांनी, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. उपचारात हे सगळ्यांना पटतं. मग संशोधनात काय अडतं?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने केंद्र आणि राज्याच्या प्राधिकरणांवर आजारातून गेलेल्या माणसांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी जागा ठेवल्या आहेत. सरकारी प्राधिकरणावर ही माणसं बसू शकतात, आणि तुमच्या प्रश्नावलीच्या बैठकीत नाही? तिथे त्यांचं काम फक्त संमतीपत्रावर सही करण्याचं?

माझी एक मैत्रीण लिथियमवर आहे, म्हणजे मूडच्या आजारावरच्या गोळ्यांवर. तिला प्रत्येक अभ्यासात मूड विचारतात, झोप विचारतात. तिचं म्हणणं, माझा हात थरथरतो, ऑफिसात सगळ्यांसमोर चहाचा कप उचलायची भीती वाटते, त्यावर कुणीतरी काम करा. तो प्रश्न तिला अजून कुणी विचारलेला नाही.

हो, एका माणसाचा अनुभव म्हणजे सगळ्यांचा अनुभव नाही, आणि आकडेवारीचं शास्त्र दादाला येत नाही. मान्य. पण त्या फॉर्मवाल्यांना तरी क्वार्टर कुठे येत होती?

घरी येताना दादा रिक्षात गप्प होता. मीच बडबडत होते. शेवटी म्हणाला, "अगं, ते रिलॅप्सबद्दल, सोडलेली दारू परत सुरू होण्याबद्दल बोलत होते ना, कारणांच्या यादीत पगाराचा दिवस नव्हताच. मला हात वर करायचा होता." मी विचारलं, मग केला का नाहीस? म्हणाला, "शाल घेऊन बसल्यावर कसं बोलायचं?" इतका वेळ चिडले होते, तिथे मात्र माझा आवाजच गेला. आत्ता लिहिताना परत संताप येतोय.

माझ्या यादीत समाजकार्य शिकवणारे आहात, मानसोपचारतज्ज्ञ आहात, दोघं-तिघं संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवरही आहात. पुढचा प्रस्ताव समोर आला की एवढं विचारा: प्रश्न ठरवताना यातून गेलेलं कोण होतं? आणि निष्कर्ष काढताना? कुणीच नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. माणसं मिळत नाहीत म्हणू नका, मला इनबॉक्समध्ये लिहा. दादा तयार आहे, त्याच्या ग्रुपमधले आणखी काही जण आहेत. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, कारण ते सगळे नोकरी करतात. आणि शाल नको, बाकीच्या सल्लागारांना देता तेवढं मानधन द्या.