बांधावरचा आंबा आणि कच्चतीवू

सकाळी सात वाजता आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कच्चतीवू येऊन धडकलं, म्हणजे भारत आणि श्रीलंकेच्या मधलं, १९७४ च्या करारात श्रीलंकेकडे राहिलेलं एक छोटं बेट. 'सोन्यासारखं बेट ताटात वाढून दिलं', खाली झेंडा, तीन रडणाऱ्या बाहुल्या, आणि शेवटी नेहमीचं 'खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा'. पाठवणारा कोण, तर आमचा चुलत-चुलतभाऊ. त्यावर त्याने पदरची एक ओळ जोडलेली: "एक इंच जमीन सोडायची नसते."

आधी हसू आलं. मग जो राग आला तो आता रात्री साडेनऊलाही उतरलेला नाही, म्हणून इथे लिहितेय. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही आजोबांच्या तोंडून. आमच्या आणि त्यांच्या वावराच्या मधल्या बांधावर एक आंबा होता.

रायवळ. फळ इतकं आंबट की पाखरंसुद्धा अर्धं खाऊन टाकून द्यायची. त्या झाडापायी दोन घरांत दावा चालला. मी पहिलीत असताना सुरू झाला आणि माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी निकाली निघाला. आंब्यासाठी कोण एवढं भांडेल? भांडण होतं सावलीचं. दुपार कलली की सावली आमच्या रानात पडायची आणि तेवढ्या पट्ट्यात ज्वारी खुरटी राहायची. शिवाय झाड ज्याचं त्याचा बांध, आणि बांध ज्याचा त्याला पलीकडची दोन तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, नांगरायला मोकळी, असा हिशेब होता. तीनदा मोजणी आणली. मोजणीदार दिवसा दगड रोवून जायचा आणि रात्री दगड चालायला लागायचे.

समुद्रात हेच घडतं, फक्त सावली भयानक मोठी. पाण्यातल्या एखाद्या ठिपक्याला 'बेट' म्हणून मान्यता मिळाली की त्याच्याभोवती १२ सागरी मैल त्या देशाची हद्द, आणि २०० मैलांपर्यंत मासे, तेल, वायू, सगळ्यावर त्याचा हक्क. मी बसून गणित केलं. २०० सागरी मैलांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार. म्हणजे आजूबाजूला दुसरं कोणी नसेल तर एक खडक काखेत सव्वा महाराष्ट्राहून जास्त पाणी घेऊन बसतो. जपानचं ओकिनोतोरिशिमा बघा. भरतीला दोन खडकांचे माथे तेवढे वर राहतात, पलंगाएवढे. ते झिजून जाऊ नयेत म्हणून जपानने भोवती काँक्रीट ओतलं, वर टायटॅनियमची जाळी बसवली. चीन आणि कोरिया म्हणतात, हा खडक आहे, बेट कसलं! आमचे चुलत आजोबा दर पावसाळ्याआधी बांधाला माती लावायचे, दरवर्षी वीतभर आमच्या बाजूला. त्यांच्याकडे टायटॅनियम नव्हतं एवढंच.

यावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यात एक कलम आहे, १२१. ज्या खडकावर माणूस राहू शकत नाही आणि ज्याला स्वतःचं असं आर्थिक जीवनही नाही, त्याला २०० मैल मिळायचे नाहीत, १२ वर भागवा. झालं, मग देश नाटकं करायला लागले. काळ्या समुद्रात युक्रेनचं सर्पबेट आहे, जेमतेम ४२ एकर. रोमानियाशी हद्दीचा दावा चालू असताना युक्रेनने तिथे पोस्ट उघडलं, बँकेची शाखा काढली, वस्तीला गावाचं नाव दिलं. का, तर इथे माणसं नांदतात हे दिसावं. माझ्या आजोबांनी वहिवाट दाखवायला आंब्याखाली खोपट घातलं होतं. त्यात कुणी एक रात्र झोपलं नाही. एक भाकड म्हैस बांधलेली असायची, साक्षीदार म्हणून. शेवटी २००९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सर्पबेटाला त्याचे १२ मैल दिले आणि पुढची रेषा बेट नाहीच असं समजून ओढली. वादातल्या पाण्यापैकी पाचातले चार हिस्से रोमानियाला गेले. पोस्टाचा काही उपयोग झाला नाही. म्हशीचाही झाला नव्हता.

आपल्या घरचंच उदाहरण हवं असेल तर न्यू मूर बेट घ्या. १९७० च्या चक्रीवादळानंतर भारत-बांगलादेश सीमेवरच्या हरियाभांगा नदीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा वर आला, जेमतेम दोन मीटर. बांगलादेश म्हणे दक्षिण तालपट्टी, आपण म्हणे पूर्बाशा. १९८१ मध्ये आपण नौदलाचं जहाज पाठवून तिथे झेंडा लावला. आणि २०१० पर्यंत ते बेट पाण्याखाली गेलं! वाद मात्र राहिला. २०१४ मध्ये लवादाने निकाल दिला: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला. बुडालेलं बेट होतं तिथलं पाणी आपल्याला मिळालं. सरकारने निकाल मान्य केला आणि आकाश काही कोसळलं नाही. त्यावर कुणाचा रडका फॉरवर्ड मला तरी आलेला नाही.

आमचा आंबासुद्धा एका वळवात आडवा झाला. वाटलं, सुटलो. वकिलाने दाव्यात दुरुस्ती करून 'झाडाचा बुंधा' घातला आणि केस आणखी सहा वर्षं चालली.

आता कच्चतीवू. २८५ एकर, प्यायला पाणी नाही, कायमची वस्ती नाही, एक सेंट अँथनीचं चर्च. १९७४ च्या करारात हद्दीची रेषा या बेटाच्या पश्चिमेला साधारण मैलभर अंतरावरून गेली आणि बेट श्रीलंकेकडे राहिलं. १९७६ च्या दुसऱ्या व्यवहारात एकमेकांच्या पाण्यात मासेमारी बंद झाली, आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेचा वाड्ज बँक हा माशांनी भरलेला उथळ पट्टा आपल्या वाट्याला आला. फॉरवर्डमध्ये हे कुठे आहे का? नाही. ताटात काय वाढलं ते सांगायचं, ताटातून काय उचललं ते गिळून टाकायचं.

बरं, मान्य. तमिळनाडूतल्या रामनाडच्या राजाच्या जमीनदारीत हे बेट असल्याचे कागद होते. घटनादुरुस्ती न करता करार झाला, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. आणि १९७४ ला 'पूर्वीप्रमाणे येजा चालू राहील' असं लिहून दोन वर्षांत मासेमारीच काढून घेतली, हे रामेश्वरमच्या कोळ्याला फसवणूक वाटलं तर त्याचं काय चुकलं? त्याला पकडतात, बोट जप्त होते, घर कर्जात जातं. तेवढं खरं.

पण बेट परत आणल्याने त्याचं जाळं भरणार आहे का? तिथली सामुद्रधुनीच अरुंद, दोन्ही किनारे हाकेच्या अंतरावर. २०० मैल राहू द्या, १२-१२ मैलसुद्धा एकमेकांवर चढतात. त्या आंब्याला सावली पाडायला जागाच नाही. आणि आपले ट्रॉलर कच्चतीवूला थांबत नाहीत, त्याच्याही पुढे पार जाफन्याच्या किनाऱ्यालगत जातात, कारण आपल्या बाजूचा तळ आपणच खरवडून ठेवलाय. पलीकडे जाळी कुणाची फाटतात? तिथल्या तमिळ कोळ्यांची. तीच भाषा, तेच देव, आणि यादवीच्या वर्षांत ज्यांना धड समुद्रात जाता आलं नाही अशी माणसं. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली ती त्यांच्यासाठी. यात 'एक इंच' कुठे बसवायचा ते माझ्या भावाने सांगावं.

आणि पुळका आलाच आहे तर घरापासून सुरुवात करा ना! आपल्या डहाणू-पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि पाण्यात न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात पडतात. तिकडे कच्छ आणि पाकिस्तानच्या मधल्या सर क्रीक खाडीची हद्द अजून ठरलेली नाही. त्यांच्यासाठी ग्रुपवर कधी एक बाहुली तरी रडली?

जरा जास्तच चिडून लिहिलं. पाणी पिऊन आले.

एक सांगायचं राहिलं. दावा चालू होता त्या सगळ्या वर्षांत कैऱ्या मात्र दोन्ही घरांत यायच्या. दोन्हीकडचे पुरुष तालुक्याला तारखेला गेले की माझी आजी आणि चुलत आजी बांधावर भेटायच्या. एक आकडी धरायची, दुसरी पदर पसरायची. लोणचं मात्र आमच्याच घरी घातलं जायचं, कारण चुलत आजीचा हात खारट. अर्धी बरणी संध्याकाळी बांधापलीकडे जायची. हे आजोबांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. जेवताना लोणचं मागून घ्यायचे. कच्चतीवूच्या चर्चची जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते. रामेश्वरमहून बोटी जातात, जाफन्याकडूनही येतात, आणि करारानुसार आपल्या यात्रेकरूंना त्यासाठी व्हिसा लागत नाही. तिथल्या बायका एकमेकींना काय देत असतील, हेच सारखं डोक्यात येतंय.

दाव्याचा निकाल असा लागला: बांध सामाईक, बुंधा सामाईक. वकिलांच्या फीमध्ये दोन्ही घरांचं मिळून जेवढं गेलं, त्यात तेवढंच रान विकत आलं असतं.

हे लिहीत असतानाच भावाचा फोन आला. मला वाटलं, ग्रुपवर मी जे उत्तर टाकलं त्यावर भांडेल. तो म्हणाला, "ताई, ते जाऊ दे. पुढच्या महिन्यात मोजणी आणतोय, रस्त्यासाठी. तुझी सही लागेल. येतेस ना?"

जाणार आहे. दगड रोवले की त्या रात्री मुक्कामही तिथेच, टॉर्च घेऊन.