शेवळं कच्ची खा म्हणे!

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक मजकूर वाचून आमची मावशी शेवळं ही पावसाळी रानभाजी कच्चीच मिक्सरमधून काढायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय. मजकूर सांगतो: इंग्रजांआधी मुंबई म्हणजे दलदल नि खडक, शेती कधी नव्हतीच. लोक रानभाज्या कच्च्या खात, म्हणून मधुमेह नव्हता. तेव्हा पाऊस पडला की गोरेगावच्या आरेतल्या मोकळ्या जागेत जा आणि हव्या तेवढ्या उपटून आणा.

आधी शेवळं. ती सुरणाच्या कुळातली. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; ते जिभेत, घशात रुततात, खाज सुटते, सूज येते. दादर-बोरिवलीला स्टेशनबाहेर जुड्या घेऊन बसणाऱ्या बायका सोबत काकडं ही आंबट रानफळं देतात, ती काय शोभेला? काकडं नसली तर चिंच. आतल्या दांड्याचा पिवळसर भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात परतायचं, आंबट घालून नीट शिजवायचं. कच्चं खाण्याची ‘परंपरा’ कुठल्या घरातली, ते लिहिणाऱ्याने सांगावं.

उपटून आणण्याचंही तेच. फोडशी या रानभाजीची कोवळी पानं खुडतात, मुळासकट ओढत नाहीत. सफेद मुसळी या औषधी कंदाच्या ज्या जातीला बोरिवलीवरून शास्त्रीय नाव मिळालं, तिची रानातली झाडं कंद खणून खणूनच कमी झाली. शिवाय त्याच पावसात कळलावी ही रानवेलही उगवते, आणि तिचा कंद जीवघेणा विषारी. राष्ट्रीय उद्यानातून तर पान तोडणंही गुन्हा आहे.

मधुमेहाबद्दल काय बोलायचं! पुढे जाऊ.

‘शेती नव्हतीच’? गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट खंडाने होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो लिहितो की मुंबईतलं त्याचं आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं. इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली 1661च्या करारात. मधली शंभरेक वर्षं ही झाडं खडकावर उभी होती काय?

दलदल होती, हे मान्य. बेटांमधून भरतीचं पाणी शिरायचं, आणि वरळीची खिंड, म्हणजे ते पाणी आत शिरायची वाट, बांध घालून बुजवली ती इंग्रजी अमलातच. पण त्यामुळे वर आलेल्या खाऱ्या जमिनीतही भातच लावला गेला.

आणि आरेतली ती ‘मोकळी जागा’? तिथल्या पाड्यांवर वारली कुटुंबं आजही भात नि भाजी पिकवतात. उपटायला जाल ते त्यांच्या बांधावरून.