‘बारावीनंतर थेट रॉमध्ये’ म्हणणारा मेसेज खोटा आहे

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या फोनवर रॉच्या, म्हणजे परदेशातली माहिती मिळवणाऱ्या भारताच्या गुप्तचर संस्थेच्या, नावाने पुन्हा तोच मेसेज आलाय: ‘रॉमध्ये अधिकारी व्हा. बारावी पुरे, परीक्षा नाही, फक्त फिटनेस. लग्न करता येत नाही. घरी सांगू नका. नोंदणी शुल्क भरा.’

बारावीचं आधी बघू. 1968 साली रॉ उभी राहिली ती आयबी या देशांतर्गत गुप्तचर संस्थेतून वेगळी काढून, आणि पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव हेही आयबीतलेच. आजही तिथले बरेच अधिकारी आयपीएससारख्या सेवांमधून जातात. तांत्रिक पदांसाठी कॅबिनेट सचिवालयाची जाहिरात निघते, पण तिथे पदवी आणि गेट या राष्ट्रीय अभियांत्रिकी परीक्षेचे गुण लागतात.

‘परीक्षा नाही’ हे तर सगळ्यात घातक, कारण त्यावर विसंबून मुलं अभ्यास सोडतात. पदवीधराला खरोखर उघडं असलेलं दार म्हणजे आयबीचं एसीआयओ, म्हणजे सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी, हे पद. 2025 मध्ये त्याच्या 3,717 जागा निघाल्या, गृह मंत्रालयाच्या जाहिरातीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आधी तासाभरात 100 प्रश्न, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. मग 50 गुणांचा लेखी पेपर आणि 100 गुणांची मुलाखत. लेखी पेपर का? कारण हे काम माहिती गोळा करून, पडताळून, नेमक्या शब्दांत अहवाल लिहिण्याचं आहे. आयबीला अटकेचा अधिकारच नाही. म्हणून दंड-बैठकांइतकाच वेळ रोजच्या अग्रलेखाचा सारांश लिहिण्याला द्या, असं मी मुलांना कळकळीने सांगते.

लग्नाची बंदी कुठून आली देव जाणे. हेमंत करकरे रॉसाठी ऑस्ट्रियात होते. त्यांना पत्नी होती, मुलं होती. दत्ता पडसलगीकर कित्येक वर्षं आयबीत काढून 2016 मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. बंधनं आहेत, पण ती जिभेवर: गुप्तचर संस्थांसाठीच्या 1985 च्या कायद्याने संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर मर्यादा आहेत. संसारावर नाहीत.

राहिलं ‘घरी सांगू नका’. हे वाक्य भामट्याच्या सोयीचं आहे. आई-वडिलांनी दोन प्रश्न विचारले की त्याचा डाव उघडा पडतो. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलाने मोटारसायकल विकून पैसे भरले आणि तीन महिने कुणाला सांगितलं नाही, नियम मोडेल म्हणून! तुमचे गेले असतील तर आजच घरी सांगा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.